म्हशीच्या शेजारी शेपर

लोणखेडा,
आखाजीच्या आधीचा रविवार

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा आता कसा आहे? (मागच्या खेपेला मी त्यांना चालण्याचा व्यायाम सुचवला आणि मग दुखणं वाढलं, असं तू म्हणालीस. ते माझ्यामुळेच वाढलं असेल का, याचा मी बराच विचार केला. असेलही.) आम्ही सगळे प्रकृतीनं बरे आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण मी फोन हातात घेतला की आई शेजारी येऊन उभी राहते, आणि हे तिच्याबद्दलच आहे. ती यंदा आखाजीला तुझ्याकडे तळोद्याला यायचं म्हणतेय. राहायलाच. म्हैस घेऊन.

आखाजीला लेकी माहेरी येतात. आई उठून लेकीकडे निघालेली आपल्या गावानं अजून पाहिलेली नाही, तेही म्हशीचं दावं हातात धरून. हे का झालं ते तुला सरळ सांगायचं ठरवलं आहे, आणि सरळ सांगायचं तर सुरुवात माझ्यापासूनच होते.

इतकी वर्षं मी कॉलेजात भूमिती शिकवतो. फळ्यावर सपाट पृष्ठभाग काढतो, मुलं वहीत उतरवून घेतात, पण खरोखर सपाट अशी एकही वस्तू मी स्वतः केलेली नाही. चाळिशी ओलांडल्यावर ही गोष्ट खुपू लागली. हात स्वस्थ बसेनात. तुझी भावजय दीपमाला म्हणते, मी जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसतो. अशात शहाद्याला नवलसिंग गिरासेंचा जुना कारखाना बंद होतोय असं कळलं. उसाच्या चरकांची दुरुस्ती करायचे तेच हे गिरासे. तिथं कोपऱ्यात शेपर उभा होता. सुताराचा रंधा लाकूड तासतो, तसं हे मशीन लोखंड तासतं. वर एक लांबुळकी लोखंडी मान असते, तिच्या टोकाला पातं. मान पुढं जाताना सावकाश कापते आणि परत येताना रिकामी, घाईनं येते. (माझं नेमकं उलटं. पुढं जाताना घाई, आणि परत येताना सावकाश, सगळं उकरत.) मी विचारलं, किती जुनं आहे? नवलसिंग म्हणाले, "सर, तुमच्यापेक्षा मोठं आहे. तुम्ही म्हातारे व्हाल, हे नाही व्हायचं." मला ते वाक्य आवडायला नको होतं.

घेण्याआधी मी मागच्या खोलीचं दार मोजलं, मशीन मोजलं, पुन्हा दार मोजलं. आरामात जाणार होतं. फक्त मोजताना मान आत होती आणि ट्रॉलीत चढवताना ती कुणीतरी पुढं सरकवली. मशीनची मान हलते, त्यासाठीच तर ते मशीन असतं. भूमितीच्या माणसानं हलत्या वस्तूचं माप स्थिर समजून घ्यावं, याला काय म्हणायचं ते दाजींना विचार. ट्रॉली भिलाची होती; तो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, "सर, यानी मान बाहेर काढेल शे. दारमा नही जावाव." चाक हातानं फिरवून मान आत घेता आली असती, हे मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. तोवर आठ माणसांनी ते मशीन जिथं सोपं पडलं तिथं उतरवून ठेवलं होतं, म्हणजे गोठ्यात, आईच्या म्हशीच्या शेजारी. पुन्हा हलवायला त्यांच्यातला एकही आला नाही.

 आईनं मशीनला हळदकुंकू लावलं (घरात आलेल्या जनावराला लावतात तसंच) आणि म्हणाली, "आते याले बी चारा टाकू का?"

थ्री फेज लाईन ओढून घेऊन मी ते चालू करून पाहिलं (साध्या विजेवर ते चालत नाही), तेव्हा म्हैस आधी दचकली. मग कान हलवत उभी राहिली आणि तिनं असा पान्हा सोडला की आईला दुसरी बादली आणावी लागली. तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारेला मशीन चालू पाहिजे, असा नियम झाला. आणि धार झाली की म्हैस रवंथ करते, तेव्हा आवाज नको, असा दुसरा नियम. म्हणजे मशीन चालतं तेव्हा आई त्याच्याजवळ बसलेली, लोखंड लावायला जागा नाही, आणि जागा होते तेव्हा ते बंद. मला एक साधा चौकोनी ठोकळा करायचा आहे, अक्का. सगळ्या बाजूंनी सपाट. अजून एक बाजूही झालेली नाही. भिला रस्त्यावरून विचारतो, "सर, आज कितला वारा तासा?" दीपमालाचं म्हणणं, मशीन कशासाठी आणलं हे निदान म्हशीला तरी कळलं.

परवा संध्याकाळी मी नाही म्हणालो. रिकामं मशीन चालवणं मला पटत नाही. ते झिजतं, वीज जाते, आणि एखाद्या जनावराला खोट्या सवयी लावण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हाही प्रश्न आहेच. (हा प्रश्न मी आईला विचारला. विचारायला नको होता.) म्हशीनं बादलीला लाथ मारली. आई दावं सोडत म्हणाली, "मी जास यामिनीकडे. म्हस लिसन."

आता खरं सांगतो, आईला कुठं राहायचं हा तिचा प्रश्न आहे. तिच्या मनाविरुद्ध तिला अडवणं बरोबर नाही, आणि तुझ्यावरही मी काही दडपण आणणार नाही. तुझ्याकडे तिला सुखच मिळेल. धाकट्या भावाच्या नात्यानं एवढंच म्हणतो, तुला जे योग्य वाटेल ते कर.

तुझा,
जगदीश

ता. क. तुमच्या गोठ्यात थ्री फेज लाईन आहे का, हे दाजींना विचारून कळव. असली तरी लाईन नाही, असं आईला सांग. मी आजवर तुला कधी खोटं बोलायला लावलेलं नाही, हे लक्षात घे. गोठ्याचं छप्पर गळतं असंही सांगितलंस तर चालेल.

दुसरा ता. क. वर लिहिलेलं आईबद्दलचं सगळं मनापासूनच आहे, पण पत्र लिहायचं कारण ते नाही, हे मान्य करतो. भिलाची ट्रॉली आईनं आखाजीसाठी आजच सांगून ठेवली. म्हशीला एवढी मोठी ट्रॉली कशाला, ती चालत जाईल, असं मी म्हणालो. आई म्हणाली, ट्रॉली म्हशीसाठी नाही. मग मशीन माझं आहे, असं मी जरा जोरात म्हणालो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुन्हं व्हतं. आते ते म्हशीनं शे."