पुढून उघडणारं कपाट

उलानबातार,
३ सप्टेंबर २००१

चि. सौ. सेवजिद हिस,
गोंचिगदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्राचा आरंभ एका गंभीर तक्रारीने करणं भाग आहे. ट्रकवाल्याबरोबर तू पाठवलेल्या वाळल्या दह्याच्या वड्या पोचल्या. वज्र या शब्दाचा अर्थ मी इतकी वर्षं विहारातल्या विद्यार्थ्यांना शिकवत आलो. तो मला काल कळला. डावीकडची दाढ गेली. दधीची ऋषींनी आपली हाडं देण्याऐवजी तुझ्या हातचं नुसतं दधी दिलं असतं, तरी इंद्राचं काम भागलं असतं.

आता तुझ्या उयांगाच्या लग्नाचं. राहायचा लोकरी तंबू, गेर, मुलाकडच्यांनी उभारायचा आणि आतले पेटारे मुलीकडच्यांनी द्यायचे, ही रीत ज्याने घातली त्याला मुलगी नसावी. मामा शहरात राहतो म्हणून निवड मामाकडे. सगळे रविवार बाजारात गेले. नवे पेटारे शेंदरी, चकचकीत, समोर ठशाने उमटवलेली शुभ अखंड गाठ, आत प्लायवूड. जुने म्हणून दाखवतात ते त्याहून वाईट: चहाच्या पाण्याने पुसून आणि साखळीने बडवून म्हातारे केलेले. मी विक्रेतीला म्हटलं, बाई, हे म्हातारपण गेल्या मंगळवारचं दिसतंय. ती म्हणाली, गुरुजी, तुमचं कधीचं आहे?

पण त्याच बाईच्या मागच्या खोलीत एक जोडी सापडली. एकाच सुताराचा हात. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. पाठीच्या फळ्यांवर वाकसाचे घाव स्पष्ट दिसतात. शेंदरी रंग जरा जाड बसलाय, तेवढं सोड. आतल्या फळीला लोण्याचा जुना चिकटा आहे, म्हणजे कुणा संसारी बाईने घरात लोणी कधी कमी पडू दिलं नसणार. यापेक्षा शुभ काय? वेगळेपण एकच. वरून झाकण नाही. पुढून दोन दारं उघडतात. मला तर ते सोयीचं वाटलं. जोडी घेतली.

जावई घोड्यावर चांगला बसतो, असं तू लिहिलंस. घोड्याचं मत कळव.

तुझ्या मायेची भूक आहेच, वड्यांची नाही.
गोंचिग


चुलूतकाठ, अरखांगाई,
१४ ऑक्टोबर

ति. दादास,
सेवजिदचा सा. न. वि. वि.

वडी चोखायची असते, चावायची नसते. हे दुधाच्या दाताच्या पोराला कळतं, पंडिताला कळत नाही. दाढेबद्दल सहानुभूती नाही.

लग्न झालं. कपाटं नव्या गेरात उत्तरेला, मानाच्या जागी, शेजारी शेजारी मांडली. वर देव आणि फोटो ठेवले. बायका हात फिरवून गेल्या. आमचे हे मात्र त्यांच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, घरातलं सामान वरून उघडतं, पुढून उघडतं ते देवळातलं. मी म्हटलं, दादाने निवडलंय, तुम्ही गप्प बसा. दामिरानसारखा नवरा काय, सांगितलं नसतं तरी गप्पच बसला असता.

विहीणबाईंचं नाव बादाम. तुझं पुस्तक म्हणतं तसं त्याचं मूळ पद्म असेल, पण चिखल अजून अंगाला आहे. बसल्याबसल्या म्हणाल्या, मुलगी बारीक आहे, हिवाळा काढेल ना? मी म्हटलं, आमच्याकडे तिने एकवीस काढले, तुमच्याकडचा काही वेगळा असतो का?

घोड्याचं मत विचारलंस. लग्नाच्या आदल्या दिवशी जावयाचा, तोमोरचा, तांबडा घोडा खोगीर चढवू देईना. तोमोरने लगामाच्या लोखंडाने त्याच्या तोंडावर मारलं आणि मारत राहिला. जबडा मोडला. घोडा कापावा लागला. लग्नात तेच मांस शिजलं. पाहुणे म्हणाले, जवान रक्त आहे. सगळे हसले, मीही हसले. दामिरान हसला नाही. पण तो कुस्ती जिंकल्यावरसुद्धा हसत नसे.

तब्येत सांभाळ. लहान बहिणीवर जीव आहे तो तसाच राहू दे.
सेवजिद


खानुई खोरे,
१६ डिसेंबर

ति. मामांस,
उयांगाचा सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नका. पहिल्या बर्फात मी घसरून पडले. उजव्या हाताची तीन बोटं बांधून ठेवली आहेत, म्हणून डाव्या हाताने लिहिते. आईला कळवू नका, ती उगीच निघून येईल.

मी मजेत आहे. तोमोर खूप कष्ट करतो. मला अजून इथल्या माणसांचं सगळं जमत नाही. चहात मीठ कमी पडलं की राग येतो त्यांना, आणि तो बरोबरच आहे, थंडीतून आलेला माणूस. हळूहळू शिकेन.

पत्राचं कारण वेगळंच आहे. चुलीकडच्या कपाटाचा रंग परवापासून पोपडे धरून गळतोय. खाली काळा रंग आहे. काळ्यावर एक डोळा निघाला, मामा. लाल कडांचा, वटारलेला. काल त्याच्याखाली दात दिसले. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या मामाने घरात काय धाडलंय? त्यांनी सुरीने खरवडायला घेतलं होतं, मी हात धरला. तुम्ही जुन्या गोष्टी जाणता. काय करू ते लवकर लिहा. आणखी एक, तुम्ही आजोबा होणार आहात. हेही अजून आईला सांगितलेलं नाही.

माया करता तशीच करत राहा.
तुमची उयांगा


उलानबातार,
६ जानेवारी २००२

चि. सौ. उयांगास,
मामाचे दोघांनाही आशीर्वाद. पोटातल्याला जरा जास्त.

तुझ्या बापाला माझा नमस्कार सांग, तोही खाली वाकून. त्याला दोन फेऱ्यांत कळलं ते मला कळलं नाही. ती कपाटं घरातली नव्हेत. देवळात उग्र रक्षकदेवतेची वेगळी, अंधारी खोली असते; तिच्यातली आहेत. लोण्याचा चिकटा मी संसारी बाईच्या नावावर लिहिला. तो देवाच्या नैवेद्याचा होता. रंग आणखी गळला तर कवट्या निघतील, सोललेलं कातडं निघेल, आतड्यांच्या माळा निघतील. घाबरू नकोस. ते रूप घरच्यांसाठी नसतं, शत्रूसाठी असतं. सदतीस साली लष्कराने विहार जाळले, लामांना ओढ्याकाठी उभं करून गोळ्या घातल्या, तेव्हा कुणीतरी जिवावर उदार होऊन या कपाटांवर शेंदरी रंग फासला आणि संसाराचं सामान म्हणून वाचवली. तेव्हा खरवडू नका, जाळू नका. निळा खदग, ते मानाचं रेशमी वस्त्र, वरून सोड आणि कुणालाही हात लावू देऊ नकोस. वाट मोकळी झाली की आमच्या विहारात आणवतो. तुला लोभस, वरून उघडणारी, बावळट पेटाऱ्यांची जोडी देईन.

आता दुसरा प्रश्न. बर्फावर घसरणारा माणूस मनगट मोडून घेतो. नुसती तीन बोटं मोडायला ती कशात तरी चिरडावी लागतात, नाहीतर कुणीतरी मागे वाकवावी लागतात. तुझी कशी मोडली? आईला सांगणार नाही, पण मला सांग. ट्रकवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी त्याच्याच हातात दे.

तुझ्या डाव्या हाताच्या अक्षरावरही प्रेम करणारा,
मामा


चुलूतकाठ,
२७ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

उयांगा तालुक्याच्या दवाखान्यात आहे. जिवंत आहे. पोटातलंही हलतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते आधी लिहिते म्हणजे पुढचं तुला वाचता येईल.

बर्फ कडक झालं आणि त्यांच्या घोड्या एकामागून एक उभ्याउभ्या मेल्या. त्या दिवशी तोमोर शेवटच्या दोन बर्फातून ओढून काढून आला. बादाम म्हणाली, बघ, त्या कपाटाने पूर्ण तोंड उघडलंय. त्याने कुऱ्हाड उचलली. पहिला घाव दारात बसला. उयांगा मध्ये जाऊन उभी राहिली. मामांनी कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून लिहिलंय, असं म्हणाली. त्याने कुऱ्हाड उलटी करून हाणली. गळ्याजवळचं हाड मोडलं, मग दोन फासळ्या. पडल्यावर लाथा मारल्या. शेजाऱ्यांनी तिला लोकरीच्या नमद्यात गुंडाळून उंटावर घातलं.

दामिरान मला न सांगता निघाला. घोडे धरायची फासाची काठी घेऊन गेला. तोमोर खोगिरावर होता. दामिरानने त्याच्या गळ्यात फास टाकून खाली ओढला आणि गोठलेल्या नदीवरून फरफटत नेला. नदीवर लाल रेघ उमटली, असं पाहणारे सांगतात. एका गालाचं कातडं गेलं, पुढचे दात गेले. मेला नाही. दुसऱ्या सकाळी त्याचे भाऊ आले, आमची दोन्ही कुत्री गोळ्या घालून मारली, गेरचा नमदा सुऱ्यांनी फाडला आणि निघून गेले. दामिरानने बंदूक काढली होती. मी नळीला लोंबकळले.

आता खोऱ्यातली वडीलधारी मंडळी आली आहेत, खदग आणि तपकिरीची बाटली घेऊन. ते म्हणतात, पोराचा दोष नाही. देव कोपला, हात त्याचा होता पण मारलं देवाने. कपाटं परत करायची, देवाची शांत करायची, समेट म्हणून दोन्ही घरांनी तपकिरीची देवघेव करायची, आणि उयांगाने बरं होऊन घरी जायचं. मग पोलिसात कुणीच जाणार नाही. उयांगासुद्धा तेच म्हणते. तो आधी असा नव्हता, ते डोळे निघाल्यापासून झाला, म्हणते. तोमोर दवाखान्याच्या दारात बसून रडतो आणि ती त्याच्यासाठी चहा पाठवते.

फक्त तुझा शब्द हवाय त्यांना. संस्कृत शिकलेला माणूस, कपाटंही तुझीच. देव कोपला होता एवढं लिहून दे, दादा. नाहीतर दामिरान तुरुंगात जाईल, किंवा कुणाला तरी मारेल. मी नवरा गमावू का?

तुझ्याशिवाय कुणाला विचारू?
सेवजिद


उलानबातार,
५ मार्च

चि. सौ. सेवजिद हिस,
आशीर्वाद.

लिहून देणार नाही.

दोन कागद फाडले, हा तिसरा. पहिल्यावर मी खरंच लिहिलं होतं, की देव कोपला. अक्षर सुरेख आलं होतं. मला दामिरान आवडतो; त्याच्यासाठी एका देवाची अब्रू जाते तर जाऊ दे, असं वाटलं. देवांना सवय आहे.

पण उयांगाची बोटं पहिल्या बर्फात मोडली. तेव्हा कपाट शेंदरी होतं, त्याला डोळा नव्हता, दात नव्हते. तिने मला लिहिलं होतं आणि मी तुला कळवलं नाही. शब्द दिला होता म्हणून. तू मला शिव्या दे, नंतर. आणि ज्याच्या हातात देव शिरतो तो कुऱ्हाड उलटी करत नाही. पात्याने बायको मरेल एवढं ज्याला कळत होतं, आणि तरी तिला बडवायचंच होतं, त्याने ती उलटी केली.

मंडळींना सांग, मामाने कपाटं निवडताना चूक केली, सबंध खोऱ्यासमोर मी ती कबूल करायला येतो. हवं तर नाक घासतो. पण माझ्या चुकीच्या आड त्या पोराला लपू देणार नाही. दामिरानने जे केलं ते त्याने केलं. ते तो स्वतः तसंच सांगेल, तुला माहीत आहे. मी वकील पाहतो. तुला नवरा आणि मुलगी यांतून निवडायला लावतोय, हे मला कळतं. ट्रकवाला गुरुवारी दवाखान्याच्या दारात थांबेल. उयांगाला त्यात बसव. येत नाही म्हणाली तरी बसव. माझी खोली तिची, मी विद्यार्थ्यांत झोपेन.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. या खेपेला तुझा लोभ उरला नाही तरी चालेल, पोरीला पाठव. चेष्टा सुचत नाही, सेवजिद. मी देवाला घाबरत नाही, कपाटाला घाबरत नाही. ती पुन्हा त्याच्याकडे जाईल आणि तो तिला मारून टाकेल, याची मला भीती वाटते.

गोंचिग