माझ्याच हाताचा कण

५ मार्च १९७९
सकाळी ऑस्ट्रेलियातल्या वॉगाला पोचलो. प्रयोगशाळा गावाबाहेर, मेंढ्यांच्या कुरणाला लागून. इतकी वर्षं खाटीकखान्यात सुरी चालवली. विज्ञान वाचनालयात बसून स्वतः शिकलो. डॉ. पेंगेली म्हणाले, दोस्ता, मला पदवी नको, हात हवा. काम मला साजेसं: मेंढीच्या स्नायूचे कण काचेच्या ताटलीत जगवायचे. अमिनो आम्लं आणि इन्सुलिन दिलं की कण प्रथिनं बांधतो, भरतो. इन्सुलिन तोडलं की झिजतो. मदतनीस जिल मला 'प्रोफेसर' म्हणून चिडवते. चिडवू दे. तिनं धुतलेल्या नळ्यांना साबणाचा वास येतो.

९ मार्च
चहाला पेंगेलींनी इथली रीत सांगितली: नव्या माणसानं स्वतःचा एक कण द्यायचा. जिल म्हणाली, प्रोफेसर, तोंडात लॅमिंग्टन केक कोंबा, सुई कळायचीही नाही. उजव्या हाताच्या कोपराखालून तांदळाएवढा स्नायू निघाला. ताटलीत मीच ठेवला, तिच्याहून सफाईनं.

२० मार्च
माझा कण मेंढीच्या कणांना मागे टाकतोय. इन्सुलिनबरोबर ल्यूसीन हे अमिनो आम्लही वाढवा, हे मीच सुचवलं. पेंगेलींनी पाठ थोपटली. म्हणाले, हे आम्हा शिकलेल्यांना सुचलं नसतं. हात मात्र दुखतो. उजव्या मनगटावरचं घड्याळ घसरतं.

२६ मार्च
उजवा हात वाळला. टेपनं मोजला, पुन्हा मोजला. चूक नाही. कण भरतो तसा हात सरतो. पेंगेलींना म्हटलं, माझ्या कणाचं इन्सुलिन तोडा. तोडलं, दोस्ता, आईशपथ, म्हणाले.

२८ मार्च
तोडलं नाही. दुप्पट केलंय. पेंगेलींना ताटलीत ओतताना मी दारातून पाहिलं— माझ्याच कृतीनं, ल्यूसीनसकट. मूठ वळायला गेलो. हात हलला नाही. ताटलीतलं मांस आवळलं गेलं.

३० मार्च
डाव्या हातानं लिहितोय. जिलला हात दाखवला. ती म्हणाली, आर्थरही असाच कुरकुरायचा. आर्थर, माझ्या आधीचा. मुलीकडे क्वीन्सलंडला गेला, असं पेंगेली म्हणाले होते— मग 'मेंढी' लिहिलेल्या ताटल्या— मी कुणाला भरवत होतो?

२ एप्रिल
ताटली फोडणार होतो. पेंगेली शांतपणे म्हणाले, फोड, मग हातही गेलाच समज. माहीत होतं त्यांना. पहिल्या दिवसापासून—

३ एप्रिल
दाराला टेबल लावलंय. बाहेर दोघं. जिल हसतेय, प्रोफेसर, लाजता काय. पेंगेली म्हणतात एकच कण, दोस्ता, या वेळी छातीतला— टेबल सरकतंय— एका हातानं किती— दोस्त म्हणाला होता मला, दो