कमिटीतली सामान्य बाई

१८ नोव्हेंबर, मंगळ.
नगरहून पाकीट आलं. शनिवारच्या मीटिंगचे कागद. पोटाच्या आजारावर नव्या औषधाचा अभ्यास करायचाय दवाखान्याला. आजार म्हणजे मोठ्या आतड्याला सूज, जखमा, संडासवाटे रक्त. पेशंटने सही करायचा संमतीचा फॉर्म एकोणीस पानी. मराठीतच आहे म्हणे.

असा अभ्यास आधी कमिटीने पास करायचा असतो, आणि कमिटीत डॉक्टर-वकील नसलेला एक तरी सामान्य माणूस लागतो. आरोग्य शिबिरात माझी बडबड ऐकून मोठ्या डॉक्टरांनी (मो. डॉ.) मला धरलं. आमचे हे म्हणाले, "दहावी पास, पिठाची गिरणी चालवतीस, इथवर सामान्य बरोबर हाय. पर सामान्य मानूस गप बसतंय." आज यांना करपलेली भाकरी वाढली. मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही.

२० नोव्हें.
दुपारी लाईट नाही, गिरणी बंद, वाचायला बसले. पहिलंच वाक्य: 'सदर यादृच्छिकीकृत, द्वि-अंध, प्लॅसिबो-नियंत्रित अन्वेषणात आपणांस सहभागाची विनंती करण्यात येत आहे.' विनंती करताहेत एवढं कळलं. पुढची चार पानं नुसती उलटली. वाटलं, माझंच डोकं चालत नाही...
पण मग ही खुर्ची माझ्यासारखीसाठीच ठेवलीय ना?

२२ नोव्हें., शनि.
मीटिंग. एसी, बिस्किटं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मो. डॉ. म्हणाले, मंदाताई, तुमचं काही? म्हटलं, मला कळलं नाही. "कुठलं पान?" म्हटलं, पहिलं.
वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, खरं सांगू का, मलाही नाही. हशा! मो. डॉ.सुद्धा हसले, जरा उशिरा. फॉर्म परत. सोप्या भाषेत करा, पुढच्या महिन्यात आणा.
आमचं तिसगाव येईपर्यंत एसटीत एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

२७ नोव्हें.
लता आली बाजरी घेऊन. शाळेपासूनची मैत्रीण, ब्लाऊज शिवते. चार वर्षं झाली, तिला हाच आजार आहे. गोळ्यांनी तोंड सुजलंय, लग्नकार्य बंद, एसटी बंद, वाटेत लागली तर काय करायचं म्हणून. आज म्हणाली, नगरला नवं औषध यायचंय, डॉक्टरांनी तिचं नाव धरलं होतं. "पर कमिटीत कोन बया अडून बसलीया म्हनं. तिला झालं असतं म्हंजी कळलं असतं."
मी गिरणीत बाजरी ओतत होते. बरीच खाली सांडली.

२८ नोव्हें.
सकाळीच लताकडे गेले. म्हटलं, ती बया मी. कागदातलं काही सांगता येत नाही, विचारू नको. ती शिवत होती, मशीन थांबवलं नाही. "तू?" एवढंच म्हणाली.
संध्याकाळी डबा घेऊन माझ्या दारावरून स्टँडच्या गिरणीत गेली. त्या गिरणीत! गव्हावर बाजरी दळून देतात ते, सगळ्या गावाला माहीत आहे. फार लागलं मनाला.

१ डिसें., सोम.
सेक्रेटरी बाईंना फोन. ओळखीची पेशंट आहे हे सांगून टाकलं. त्यांनी नोंद केली. फॉर्मच्या भाषेवर बोला म्हणाल्या, मत द्यायच्या वेळी बाहेर बसा. हरकत मागे घ्या असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मनातल्या मनात मीच दोनदा म्हणाले.

७ डिसें., रवि.
छो. डॉ. आली. (छोट्या डॉक्टर, फॉर्मचं काम हिच्याकडे, वयाने पुतणीएवढी.) मो. डॉ.नी बजावून पाठवलंय, मंदाताईंना कळेपर्यंत लिहायचं. गिरणी बंद, पोत्यांवर बसून दिवसभर खोडाखोड. यादृच्छिक गेलं, 'चिठ्ठ्या टाकून दोन गट' आलं. द्वि-अंध गेलं, 'तुमच्या वाट्याला कोणती गोळी आली हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही' आलं. नेहमीची औषधं दोन्ही गटांना चालूच राहणार. कधीही नको म्हणता येतं, कारण सांगावं लागत नाही, उपचार बंद होत नाहीत. हे तेराव्या पानावर लपलं होतं, ओढून पहिल्यावर आणलं. जे काही केल्या उमगेना त्यावर मी सरळ रेघ मारत गेले. फार मजा आली.

मग सासूबाईंना वाचून दाखवलं, परवानगी काढून. पाठ सांगितल्यासारखं म्हणाल्या, "म्हंजी निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. आन् कुनाला कंची, डॉक्टरलाबी ठावं न्हाई. व्हय ना?" छो. डॉ.ने टाळीच वाजवली. "पर खोटी कशापायी? फसवनूक हाय की!" छो. डॉ. म्हणाली, आजी, गोळी घेतली या समाधानानेच काहींना बरं वाटतं. खरी गोळी त्याहून जास्त काम करते का, ते बघायचंय. सासूबाई म्हणाल्या, "व्हय बाई. हिचा सासरा लाईट गेलेली असली तरी पंख्याचं बटन दाबायचा, आन् म्हनायचा, आता कसं गार वाटतंय." हसून हसून छो. डॉ. पोत्यावरून घसरली. पिठाने पांढरी होऊन नगरला गेली.

२० डिसें., शनि.
सहा पानं. पास! मत देताना मी बाहेर बाकावर, शिपाईमामांबरोबर चहा घेत. मो. डॉ. बाहेर येऊन म्हणाले, आता आमच्या आईलाही कळेल. इतका आनंद झाला की स्टँडवर चुकीच्या गाडीत चढले.
लताला सांगावंसं फार वाटलं. पण ती अजून दुसरीकडेच दळते.

३ जाने., शनि.
लता आली! डबा नाही, हातात फॉर्म. घरी नेऊन वाच म्हणून दवाखान्याने दिलाय. दारातूनच, "मंदे, ह्ये तू लिवलं?" म्हटलं, मी नाही, मला कळेपर्यंत त्यांनी लिहिलं. "तुजं बोलनं ऐकू येतंय ह्यात. 'नको म्हणालात तरी कुणी रागावणार नाही.' अशी तूच बोलतीस, आन् मग रागावतीस."
मिठी मारली. तिच्या काळ्या स्वेटरवर माझे दोन पांढरे हात उमटले. म्हणाली, तिथलं पीठ जाडंभरडं, भाकरी चिरते. ऐकून किती बरं वाटलं ते लिहायलाही लाज वाटते.
कर सही, असं अगदी ओठावर आलं होतं. आवरलं. ते माझं काम नाही. पण देवा, तिने करावी.

१२ जाने., सोम.
उद्या भोगी. बाजरीची रांग रस्त्यापर्यंत, मी पिठाने भूत. त्यात लता स्टूल टाकून फॉर्म वाचतेय, तिसऱ्यांदा, पेन्सिल घेऊन. दुर्बिणीची तपासणी कितींदा? जायचं-यायचं गाडीभाडं? औषधाने त्रास झाला तर उपचाराचा खर्च कुणाचा? मी गिरणीच्या आवाजात ओरडून उत्तरं देतेय, रांगेतल्या बायका कान देऊन ऐकताहेत. म्हटलं, लते, हळू, सगळ्यांपुढे काय. "सगळ्यांनाच पोट हाय," म्हणाली.
सगळी उत्तरं त्या सहा पानांत सापडली. मी फुशारले. गुरुवारी सही करायला जाते म्हणाली, मी सोबत. एसटीने! वाटेत लागलीच तर कंडक्टरशी मी बोलणार.

१५ जाने., गुरु. किंक्रांत
गेलो नाही.
लता नवी साडी नेसून, पिशवी अडकवून वेळेवर आली. निघता निघता म्हणाली, "येक न्हाई सापडलं बग. गोळी लागू पडली, रगत थांबलं, बारा आठवडे झाले, अभ्यास सपला. मग तेराव्या आठवड्याला गोळी देनार का न्हाई?"

सहा पानं दोनदा पाहिली. नाही. जुनं पाकीट शोधलं. सतराव्या पानावर तळाला एक ओळ: 'अभ्यासोत्तर औषध-उपलब्धतेबाबत प्रायोजक बांधील नाही.' म्हणजे औषधाची कंपनी पुढे गोळी देईलच असं नाही. त्या ओळीवर आडवी रेघ, माझी. मला कळलं नाही म्हणून मी उडवलं, आणि नंतर कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

रडूच आलं. छो. डॉ.ला फोन केला. ती म्हणाली, ताई, ते परत घालायलाच हवं, कमिटीपुढेही न्यायला हवं. तोवर कुणाची सही घेणार नाही. पुढेही गोळी मिळेल का, ते कंपनीला विचारते.

पुन्हा उशीर. लताकडे बघवेना. ती मात्र कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली, "मला घ्यायची हुती कमिटीत, तुला काय म्हनून घेतली?" मीही हसले, डोळे पुसत. साडी नेसलीच आहे तर म्हणून दोघी स्टँडपर्यंत जाऊन उसाचा रस पिऊन आलो.

येताना न राहवून विचारलंच. नाही देणार म्हणाले, तर? करशील सही?
"आदी नीट लिवा म्हनावं. मग वाचते, मग सांगते."