मुडपलेलं बोट

३ डिसें., बुध.
सानियाचा गिटारचा क्लास. परीक्षेची धून, तिसरी ओळ. पुन्हा तिथेच अडकली. तीन महिने तिथेच. म्हटलं, "सराव कमी पडतोय." तिने बोटांची टोकं पुढे केली, लालभडक. "टीचर, रोज दोन घंटे करते. अम्मी कान बंद करून जेवण बनवते." मी हसले नाही. हसायला हवं होतं. चपला घालताना डोळे पुसत होती.
बाबांनी मला असं कधीच ऐकवलं नव्हतं. आज त्यांना जाऊन चार महिने.

६ डिसें., शनि.
सा. मोबाइल घेऊन आली. कुणा बाईचा व्हिडिओ, तीच धून. "टीचर, हिचं तिसरं बोट बघा. तुमचं काय सुट्टीवर असतं?" आणि स्वतःच हसली.
माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. तर्जनी, मधलं, करंगळी. अनामिका आत मुडपलेली. गिटारच्या दांड्यावरच्या तिसऱ्या पट्टीला मी करंगळी लावते, मग चौथ्या पट्टीला बोटच उरत नाही. ती ओळ म्हणून अडते. सराव नव्हे. मी.
बाबांची अनामिका कापडाच्या लूममध्ये तुटून गेली ती माझ्या जन्माआधी. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते तीन बोटांनीच गिटार वाजवायचे. मी त्यांच्यासमोर बसून शिकले.
सा.ला म्हटलं, डोकं दुखतंय. खोटं.

७ डिसें., रवि.
सातही विद्यार्थ्यांचे हात आठवून बघितले. सातही जणांचं बोट मुडपलेलं. राहनाळहून येते त्या चिमुरडीचंसुद्धा. बोट गेलं होतं एकट्या बाबांचं, आणि मी सात जणांचं…
बाबांचं चुकलं. त्यांनी सांगायला नको होतं का?

८ डिसें., सोम.
आई मेथी निवडत होती. विचारलं, बाबांनी मला चुकीचं का शिकवलं? आई अंजूरची; चिडली की माहेरची बोली येते. "त्यानी न्हाय शिकवलं. तो तुझं बोट उघडायचा, तू मिटायचीस. 'माझं न्हाय, तुझं तं हाय ना,' सांगून सांगून थकला तुझा बाप. तू रडायचीस, बाबांसारखंच पायजे. मंग सोडून दिलं त्यानी."
जरा वेळाने, मेथीकडे बघतच: "आळीभर सांगत फिरायचा पन. पोरीनी माझा हात जसाच्या तसा उचलला."
मला यातलं काहीच आठवत नाही. काल मी त्यांच्यावर आळ घेतला. खोडणार नाही. राहू दे वहीत.

१० डिसें., बुध.
सा.ला सांगितलं. "तुझा सराव कमी नव्हता. मी चुकीचं शिकवलं."
तिने गिटार मांडीवरून खाली ठेवली. मग, "आणि त्या दिवशी मला बोललात ते?"
माफी मागितली.
"परीक्षेला दहा दिवस राहिले, टीचर. आता बोट बदलू?"
खरं तेच सांगितलं. बदललंस तर आधी सगळंच बिघडेल, या परीक्षेला कदाचित बसता येणार नाही. नाही बदललंस तर ती ओळ कधीच येणार नाही.
गिटार पिशवीत घालत म्हणाली, "परीक्षेसाठी अब्बूंना मुश्किलीने मनवलं होतं. एकदाच. पुन्हा नाही मानणार."
"शनिवारी येतेस ना?"
"बघते."

१२ डिसें., शुक्र.
बोट उघडून वाजवते आहे. पहिल्या दिवसासारखं वाजतं. बाकी तिन्ही बोटांना घट्टे, हे एकच मऊ.
करंगळी लांबून यायची, म्हणून माझा तिसऱ्या पट्टीचा सूर किंचित उशिरा लागायचा. बाबांचाही. लोक म्हणायचे, अगदी वडिलांसारखं वाजवतेस. आज तीच धून चार बोटांनी हळूहळू, बिनचूक वाजवली. तो उशीर गेला.
आई आतून म्हणाली, "आज कोन वाजवतंय?"


१३ डिसें., शनि.
दोन्ही गिटार सुरात लावून ठेवल्या, सानियासाठी बाबांची. पाचची वेळ. सव्वापाच झाले. फोन करायचा नाही. ठरवायचं तिने आहे. की मी करावा?
अनामिकेला फोड आलाय. थंडीत बाबा ती रिकामी जागा चोळत बसायचे. बोट ठणकतंय म्हणायचे. मी हसायचे, जे नाहीच ते कसं ठणकेल.
पाच पंचवीस. तारेवर टेकवलं की दुखतं. उचललं तरी दुखतंच. पुन्हा टेकवते आहे.