ताईने पाठवलेल्या कादंबऱ्या

३ जून, मंगळवार

ताईने ड्रायव्हरबरोबर पिशवी पाठवली. वाटलं, नेहमीसारखे तिचे वापरून झालेले कपडे. निघाल्या दोन जाडजूड कादंबऱ्या! फोन केला तर म्हणते, "वाच. मग बोलू." म्हणजे आता वाचायचंही तिच्या अंगावरून उतरलेलंच!

४ जून

चष्म्याच्या दुकानात दुपारभर गिऱ्हाईक नाही. वाचत बसले. नायकाचा पोहण्याचा तलाव आमच्या घराएवढा — आणि त्याच्या काठी बसून म्हणतो, जगण्यात काही अर्थ नाही. अरे, मग ऊठ आणि तलाव घास! बायको हिऱ्याची अंगठी मुद्दाम पाण्यात टाकते. का, तर बुडताना कशी दिसते ते बघायला. पाहुणे टाळ्या वाजवतात. सुखाचं अजीर्ण, दुसरं काय!

५ जून

अर्धं पुस्तक झालं. अजून एकानेही स्वतःचा चहा स्वतः केलेला नाही.

७ जून

पहिली संपली. मेजवानीत एक वाढपी कोसळून मरतो, आणि ही मंडळी त्याला वळसा घालून नाचत राहतात. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण राग जास्त आला.

आमचे हे भाजी निवडत म्हणाले, "आवडत नाही तर वाचतेस कशाला?"

"शिव्या घालायला कुणीतरी हवं ना!"

"मग मी काय मेलोय?"

संध्याकाळी ताईचा फोन. "कशी वाटली?" मी सुरूच झाले — भरल्या पोटाचे चोचले सगळे! असल्या बायांना महिनाभर आमच्या दुकानात उभं करा. पाय सुजले की मनातली पोकळीबिकळी आपोआप भरून निघेल.

ती एवढंच म्हणाली, "शेवटपर्यंत वाचलीस ना पण?" ठेवला फोन.

१० जून

दुसरी त्याहून भिकार. बाई रोज खरेदी करते, खोकी उघडतसुद्धा नाही. दीडशे पानं नुसती खोकी! जांभयांनी जबडा दुखला.

१२ जून, गुरुवार

ताई दुकानात हजर! बसने!! हातात एक पिशवी. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिली, माझी सुट्टी होईपर्यंत. मग म्हणाली, "थोडे दिवस येऊ का गं तुझ्याकडे राहायला?"

"भांडलात का?"

"भांडायला दोघं लागतात."

ऐका! पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलंय बाईसाहेबांचं. यांना म्हटलं, रविवारपर्यंत गाडी येईल न्यायला. पैज!

१५ जून

गाडी नाही. ताई आमच्या मोडक्या पलंगावर घोरत पडलीय. पैज हरले.

१६ जून, सोमवार

भावजींचा फोन. आला एकदाचा! आता गयावया करणार — चांगलं खडसावायचं ठरवूनच उचलला. तर म्हणतात, "शनिवारी तुझ्या ताईचा वाढदिवस. मोठी पार्टी ठेवलीय. तुम्ही दोघं लवकर या. आणि हे बघ, तिला एवढ्यात काही बोलू नकोस हं. वरच्या खोलीत झोपलीय, म्हणून हळू बोलतोय."

ताई समोर बसून बटाटे सोलत होती.