शून्य धरलेली वाळू

९ जुलै १९५४, बदलापूर

सकाळी पावणेदहाला पंपाने पाण्याऐवजी वाळू ओढली आणि माझं सगळं संपलं. थोडी घरघर, मग ठप्प. पंपाच्या तोंडाशी नदीत खणलेला चर वाळूने काठोकाठ भरलाय. माझ्या गणिताप्रमाणे तो दिवाळीपर्यंत पुरणार होता. दुपारपासून निर्वासितांच्या कॅम्पातले नळ कोरडे.

१० जुलै

गणित परत केलं. तीनदा. नदीचे तुकडे पाडायचे, प्रत्येकात गाळ किती आला, किती गेला, राहिला तो बसला. इथवर बरोबर. पण तळातून सरकणारी वाळू मोजता येईना, म्हणून ते पद शून्य धरलं. मग कसं झटकन सुटलं! गाढव.

मूलचंदकाकांनी मे महिन्यात माझी नमुन्याची बाटली उजेडात धरली होती. पंपाचे मिस्त्री, फाळणीआधी जन्म सिंधच्या कालव्यांवर गेलेला. "बेटा, ये तो ऊपर का पानी है. रेती नीचे-नीचे चलती है. बारिश से पहले चर साफ करवा ले." मी भडकलो. "काका, बीजगणित येतं का तुम्हाला?" त्यांची मुलगी कमला डबा घेऊन तिथंच उभी. तिच्यासमोर हुशारी...

पाणीखात्याच्या आमच्या साहेबांनी माझा आकडा बघून चराची सफाई रद्द केली.

१२ जुलै

साहेब सगळ्यांदेखत काकांवर: "चर साफ का ठेवला नाहीस, मिस्त्री?" काका पंपाकडे वळले. मी वही पाठीमागे धरली.

नंतर साहेबांनी मला आत बोलावलं. "ती गणिताची वही जाळून टाक. तुला कॉलेजात परत घ्यायला चिठ्ठी देतो." प्राध्यापकाच्या टेबलावर पेपर फाडून आलेला मी. मान डोलावली. थू.

१३ जुलै

कमला फाटकाशी भेटली. डोळे सुजलेले.

"मुंबई से बड़े साहब कल आ रहे हैं, बाबा को निकालने. बाबा ने तुम्हारा नाम नहीं लिया. बोले, लड़का है, गरम दिमाग का. तुम भी अपना नाम मत लेना. पढ़े-लिखे हो."

दोन वर्षं तिच्याशी बोलायचं मनात घोळवतोय. आज ती आपणहून बोलली, तर हे.

१४ जुलै

वही जाळली नाही. काडी ओढली होती, बोट भाजेपर्यंत धरून बसलो.

मोठे साहेब दहाला पंपघरावर. साडेनऊ झाले. वही सदऱ्याच्या आत घेतली. पंपघर आणि स्टेशन, नाक्यापर्यंत रस्ता एकच; तिथून दोन फुटतात.

दार ओढून घेतो.