साडेतीन फूट नावाचा कुत्रा

टॅमरॅक लेक, ३ ऑक्टोबर

चि. अर्विड,
अ. आ.

तुझ्या नगर-कचेरीविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे, ती उभं राहून वाच. मला रस्त्यानं नेणाऱ्या माझ्या सभ्य हेल्मीला, एका कुत्रीला, तुमच्या संगणकावरच्या कुत्र्याच्या परवान्याच्या अर्जानं विचारलं की इंजिन आहे का.

मला दिसत नाही. संगणक मोठ्यानं वाचतो आणि मी टाइप करते. त्यानं लांबी विचारली, मी 'साडेतीन फूट' लिहिलं. इंजिन? 'नाही.' रात्री कुठे बांधता? 'माझ्या पायाशी.' सरकारी प्रश्नांना अर्थ असावा हा हट्ट मी कधीच सोडला आहे.

आज परवाना आला. शेजारच्या आयलीननं वाचून दाखवला. कुत्र्याचं नाव: साडेतीन फूट. जात: नाही. रंग: माझ्या पायाशी.

आमच्या इमारतीचे व्यवस्थापक रास्कसाहेब म्हणतात, हा परवाना दुसऱ्याच कुत्र्याचा. म्हणजे माझ्याकडे कुत्री दोन, आणि नियम एकाचा. महिनाअखेरीपर्यंत हेल्मीचा परवाना दाखवा, नाहीतर तिला हलवा. बोलता बोलता त्यांनी पलंगाखाली वाकून दुसऱ्याला शोधलंसुद्धा. हेल्मीनं मदत केली.

काहीतरी कर. तिच्याशिवाय मी दुकानापर्यंतही जाऊ शकत नाही, हे तुला सांगायला नको.

रागावलेली, पण माया अजून शिल्लक असलेली,
व्हर्नाताई

कचेरीतून, ८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो अर्ज मी स्वतः बनवला आहे, म्हणून जरा दुखावलो. आत्ता समोर उघडून बसलोय. पहिल्या चौकटीवर ठळक अक्षरांत 'कुत्र्याचं नाव', दुसरीवर 'जात', तिसरीवर 'रंग'. इंजिनाचा शब्दसुद्धा नाही. आमच्या ग्लेनिसबाईंनी विचारलं, तुझी बहीण वाइनबिईन घेते का. मी म्हटलं, घेते, पण अर्ज भरताना नाही.

पुन्हा सावकाश भर. नावाच्या जागी नाव लिही, एवढंच.

लोभ आहे, तो या पत्रानं आटू नये,
अर्विड

११ ऑक्टोबर

चि. अर्विड,
आशीर्वाद, आखडत्या हातानं.

सावकाश भरायला घेतला. पुन्हा तेच प्रश्न, आणि पुढे त्यानं विचारलं, तळाला शेवटचा रंग कधी दिलात. मी हेल्मीला विचारलं. ती उठून गेली.

बाबा रे, तुला दिसतात ते शब्द चौकटीवर छापलेले. माझा संगणक वाचतो ते चौकटीच्या पाठीमागे लपवलेलं नाव. तिथे काय लिहून ठेवलंयस? संगणकाच्या पडद्यावर कोट टाक, वाचणारा आवाज चालू कर आणि तूच भरून बघ.

वाट पाहणारी,
ताई

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
मान खाली घालून सा. न.

कोट टाकला. मला इंजिन आहे का, असं मलाही विचारलं गेलं.

त्याचं असं झालं: होडीच्या परवान्याच्या अर्जातल्या चौकटी इतक्या सरळ रेषेत बसल्या होत्या की मी तोच अर्ज उचलला आणि वरचे शब्द बदलले. चौकटींना पाठीमागेही नाव असतं हे ठाऊकच नव्हतं. आता बदललंय. हेल्मीचा अर्ज तूच भर. संगणक 'कुत्र्याचं नाव' म्हणाला नाही तर लगेच फोन कर.

राहिला साडेतीन फूट. नोंदलेला कुत्रा नुसता खोडता येत नाही, तो गेल्याचं कळवावं लागतं. तो अर्जही कोट टाकून उघडला. आवाजानं विचारलं, पाहुणे किती, नाच होणार का. तो मी सभागृहाच्या आरक्षणावरून उचलला होता! तोही दुरुस्त करून तुझ्या वतीनं भरला. आता बाकीचे सगळे अर्ज एकेक करून ऐकतोय. कोट पडद्यावर आणि ग्लेनिसबाई खिडकी उघडी ठेवतात.

म्हणून कुडकुडत, तुझाच,
अर्विड

२७ ऑक्टोबर

चि. अर्विड,
अ. उ. आ.

हेल्मीचा परवाना आला. आयलीननं दोनदा वाचला: नाव हेल्मी, जात लॅब्राडोर, रंग पिवळा. रास्कसाहेबांनी तो फायलीला लावला. हेल्मी राहते आहे.

पण तुमच्या कचेरीनं साडेतीन फुटाच्या निधनाची सूचना इमारतीला पाठवली, आणि रास्कसाहेबांनी ती फलकावर लावली. तेव्हापासून माझ्या दारात शेजाऱ्यांकडून दुखवट्याची बटाट्या-खिम्याची भांडी येताहेत. आयलीन तर रडली. मी म्हटलं, अगं, असा कुत्रा नव्हताच. ती म्हणाली, सुरुवातीला असंच वाटतं.

काल रास्कसाहेब स्वतः आले, हातात भांडं. म्हणाले, मी पलंगाखाली वाकलो तेव्हा घाबरला असेल बिचारा. फार शांत होता, कधी भुंकल्याचं ऐकलं नाही. मी भांडं घेतलं आणि आभार मानले.

आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. आज पहाटे वेलदोड्याचे पाव भाजले, त्यांचं भांडं घासून भरलं, हेल्मीला घेऊन खाली गेले आणि बेल न वाजवता त्यांच्या दाराशी ठेवून आले.

कचेरीत सर्वांना नमस्कार, ग्लेनिसबाईंना थोडा कमी,
तुझी ताई